गिटारच्या लॅकरवरचे चरे, पोचे आणि टवके : घरी किती करावं, कुठे थांबावं?

सहा_तारा (धागाकर्ता)
मंडळी, एका अकूस्टिक गिटारच्या फिनिशबद्दल विचारायलोय. वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू महोगनीच्या, सगळीकडे चकचकीत, किंचित पिवळसर झाक. तीन जागी काम आहे.
एक, साउंडहोलच्या खाली पिकचे (तारा छेडायच्या पातीचे) बारीक ओरखडे. नख फिरवलं तर अडकत नाही. दोन, खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालाय, आत उघडं लाकूड दिसतंय. तीन, ब्रिजच्या (फळीवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) मागे पोचा आहे. लॅकर फुटलेलं नाही, नुसतं दबलंय. दिवा तिरपा धरला की वाटीसारखं दिसतंय.
गणपतीत वाजवायची आहे, म्हणून घाई. घरी काय काय जमेल? एका पेंटरने सांगितलं की सगळी फळी घासून पीयू (पॉलीयुरेथेन) मारून घ्या. पटलं नाही.

खानापुरी_रंधा
पटलं नाही ते बरंच झालं. अख्खी फळी घासली की मूळ फिनिश गेलं, आणि जुनी गिटार असेल तर तिची किंमतही गेली. शिवाय वरची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची. घासताना लाकूड कमी झालं तर ते परत येत नाही.
आधी फिनिश कोणतं ते ठरवा. तीन शक्यता: लाखेचं पॉलिश, एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, नाहीतर पीयू किंवा पॉलिस्टर. डोळ्यांनी कळत नाही, तिन्ही चकाकतात. पट्ट्याचं मागचं बटण स्क्रू काढून बाजूला करा. त्याखाली झाकली गेलेली छोटी चकती मिळेल, तिथे चाचणी घ्या. इअरबडला थेंबभर स्पिरिट लावून दहा सेकंद टेकवा. चिकट झालं तर लाख. काहीच झालं नाही तर दुसऱ्या इअरबडला एनसी थिनर लावून तेच करा. पृष्ठभाग चिकट होऊन कापसाचे तंतू अडकले तर लॅकर. ढिम्म राहिलं तर पीयू-पॉलिस्टर.
ही चाचणी एवढी महत्त्वाची का, तर लॅकर हे मिठाच्या पाण्यासारखं. पाणी आटलं की मीठ उरतं, पुन्हा पाणी घातलं की पुन्हा विरघळतं. नवा थेंब जुन्या थराला विरघळवून त्यातच मिसळतो, सांधा राहत नाही. पीयू म्हणजे उकडलेलं अंडं. एकदा घट्ट झालं की परत पातळ होत नाही. त्यामुळे दोघांची दुरुस्ती पूर्ण वेगळी.

उद्यमबाग_स्प्रे
वरच्या प्रतिसादाला +१. एकच जोड देतो. थिनर मागताना ‘एनसी थिनर’ असंच म्हणा. ब्रश धुवायला जो स्वस्त थिनर मिळतो त्यात काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नसतो. चाचणीला एखादवेळेस चालेल, फिनिशमध्ये घालायला नाही.
आपल्याकडे गाड्यांच्या कुठल्याही स्प्रेला जुने पेंटर अजून ‘ड्युको’ म्हणतात. ते १९२०च्या दशकात ड्युपॉन्टने गाड्यांसाठी आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं नाव. गिटारवर आलं ते याच जातीचं लॅकर. म्हणून गाडीच्या पेंटरकडचं पुष्कळ ज्ञान इथे कामाला येतं, फक्त त्याचं बफिंग मशीन गिटारला लावू देऊ नका. वेगाने फिरणारी गादी एका जागी दोन सेकंद जास्त टेकली की लॅकर गरम होऊन सरकतं, आणि कडेला तर लाकूडच उघडं पडतं.

निपाणीकर
एवढं कशाला? टवक्यात फेविक्विक भरा, घासा, झालं की.

कॅम्पातली_गिटार
निपाणीकर, फेविक्विक चालतंय, खरं पॉलीवरच. आणि ‘घासा, झालं की’ एवढं सोपं नाही, म्हणून नीट लिहिते.
पीयू-पॉलिस्टरवर टवका उडाला तर आधी त्याच्या कडा बघा. कडेला पांढरट दिसत असेल तर तिथलं फिनिश लाकडापासून सुटलेलं आहे. ते सुटं टवकं आधी टोकदार ब्लेडने काढा, नाहीतर भरल्यावरही पांढरी रेघ राहते. लायटरमध्ये भरायच्या फ्लुइडने जागा पुसा. गोंद पातळ असेल तर तो लाकडात जिरतो आणि डाग गडद दिसतो. म्हणून पहिला थेंब अगदी छोटा, नुसतं लाकूड बंद करण्यापुरता. तो वाळला की मध्यम घट्ट सायनोअॅक्रिलेट (फेविक्विकच्याच जातीचा गोंद) टूथपिकच्या टोकाने घाला. एका वेळी एकच पातळ थर, मध्ये किमान अर्धा तास. शेवटी भरलेला भाग आजूबाजूपेक्षा केसभर उंच हवा.
झटपट वाळवायचा स्प्रे मारू नका. वरचा थर एकदम घट्ट होतो, आत बुडबुडे अडकतात आणि भरण दुधासारखं पांढरं पडतं. आणि सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती कपड्याने टिपू नका. कापसावर हा गोंद भराभर तापतो, धूर निघतो, बोट भाजतं. कागद वापरा.
सपाट करताना साधं दाढीचं ब्लेड घ्या. दोन्ही टोकांना सेलोटेपचा एकेक पदर गुंडाळा, मधे सेंटिमीटरभर धार उघडी. सेलोटेप साधारण ०.०५ मिलिमीटर जाड असतो. टेप जुन्या फिनिशवर सरकतो आणि धार फक्त उंचवटा खरवडते. धार काही काढेनाशी झाली की टेप काढून वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), क्रमाने १०००, १५००, २००० नंबरचा. मग कंपाउंड, म्हणजे चमक आणायची घासपेस्ट.

निपाणीकर
ब्लेडला टेप! हे माहीत नव्हतं. आभार अक्का.

खानापुरी_रंधा
कॅम्पातली अक्कांनी लिहिलंय ते पॉलीसाठी चोख आहे. एनसीवर मात्र फेविक्विक नको असं माझं ठाम मत. गोंद लॅकरपेक्षा कडक. पेपर फिरवला की मऊ लॅकर आधी झिजतं, गोंद तसाच उभा राहतो, आणि भरणाभोवती खड्ड्याचं कडं तयार होतं. शिवाय गोंद लॅकरमध्ये मिसळत नाही. बाजूने पाहिलं की भरणाची सीमा दिसतेच.
एनसीचा टवका एनसीनेच भरायचा. पहिला हात पातळ: लॅकर आणि थिनर समसमान, उघड्या लाकडात जिरू द्यायचं. दुसऱ्या दिवसापासून डब्यातलं लॅकर जवळजवळ तसंच. टूथपिक बुडवायची, थेंब टोकाला लोंबू द्यायचा आणि तो टवक्याच्या मधोमध टेकवायचा. आपोआप कडांपर्यंत पसरतो. ब्रशने मागेपुढे करू नका. खालचा थर विरघळून दोरे ओढले जातात आणि ते कायमचे दिसतात.
डब्यातल्या लॅकरमध्ये घन भाग साधारण पाव हिस्साच असतो. उरलेलं उडून जातं. म्हणून संध्याकाळी काठोकाठ भरलेला थेंब सकाळी पुन्हा खोल दिसतो. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. दिवसाला दोन थेंब, मध्ये चार तास, असे सहा ते आठ. शेवटच्या थेंबानंतर किमान दोन आठवडे थांबा. थांबला नाहीत तर आज सपाट केलेली जागा महिन्याने खळगा होऊन बसते. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येतोय तोवर ब्लेड हातात घेऊ नका. सपाट करायची रीत वर अक्कांनी सांगितली तीच.

कॅम्पातली_गिटार
रंधा आण्णा, एका बाबतीत असहमत. टवका खूप खोल असेल, लाकडाचाच तुकडा गेला असेल, तर तळ गोंदाने भरून वरचे तीन-चार थर एनसीचे घालतात. नुसत्या लॅकरने तो खड्डा भरायला महिना लागेल आणि इतका जाड थर पुढे तडकतो. गोंद आजूबाजूच्या फिनिशच्या खालीच राहिला पाहिजे, एवढी अट.

खानापुरी_रंधा
हो, लाकूड गेलं असेल तर मान्य. तांदळाच्या दाण्याएवढ्या टवक्याला मात्र गरज नाही.

चोर्ला_घाट
पोच्यावर कुणीच बोललं नाही. ओला सुती कपडा घडी करून ठेवायचा, त्यावर गरम सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद टेकवायचं. वाफेने दबलेले तंतू फुगतात, पोचा वर येतो. टेबलाच्या फळीवर हमखास चालतं.

खानापुरी_रंधा
चोर्ला, टेबलाच्या उघड्या लाकडावर चालतं, तंतू तुटलेले नसतील तर. इथे वर अखंड फिनिश आहे. पीयू असेल तर वाफ आत शिरतच नाही. एनसी असेल तर उष्णतेने लॅकर मऊ पडतं, ओलाव्याने पांढरं होतं, आणि पोच्याच्या जागी पोचा आणि वर पांढरा डाग असं दुप्पट काम होतं. आणि जागा बघा, ब्रिजच्या मागे. फळीखाली ब्रेसिंगच्या पट्ट्या आणि शेजारी ब्रिज, दोन्ही सरसाने चिकटवलेले. सरस उष्णतेने सुटतो. पोचा काढायच्या नादात ब्रिज उचलला जाईल.

चोर्ला_घाट
बरोबर, सरसाचं लक्षात आलं नव्हतं. मग पोचा तसाच सोडायचा?

खानापुरी_रंधा
दोन रस्ते. तसाच सोडायचा, फिनिश फुटलेलं नसल्याने लाकडाला धोका नाही. किंवा त्यावर स्वच्छ लॅकरचे थेंब घालून वाटी भरायची आणि सपाट करायची. लाकूड खाली दबलेलंच राहील, पण वरचा पृष्ठभाग सपाट झाला की दिव्याचं प्रतिबिंब मोडत नाही, आणि डोळ्याला पोचा दिसतो तो प्रतिबिंब मोडल्यामुळेच.

मोरजकर
भरलेल्या लॅकरने आवाज बदलतो का?

कॅम्पातली_गिटार
दाण्याएवढ्या भरणाने नाही. अख्ख्या फळीवर जाड थर चढवला तर फळीचं वजन आणि कडकपणा दोन्ही वाढतात, मग फरक पडतो. पेंटरचा सल्ला नाकारायला हेही एक कारण.

जवारी
तंबोऱ्या-सतारीकडून थोडं. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचं पारंपरिक पॉलिश लाखेचं. चाचणीत स्पिरिटने चिकट झालं तर घाबरू नका, दुरुस्तीला सगळ्यात सोपं फिनिश तेच. स्पॅनिश पद्धतीच्या पारंपरिक क्लासिकल गिटारींनाही अनेकदा लाखच असते.
१०० मिली स्पिरिटमध्ये २४ ग्रॅम चपडा लाख, रात्रभर भिजत. काचेच्या बाटलीत, लोखंडी डब्यात नको, रंग काळवंडतो. सकाळी तळाला मेणाचा गढूळ थर बसलेला दिसेल, तो न हलवता वरचं नितळ द्रावण दुसऱ्या बाटलीत ओता. बाटलीवर तारीख लिहा. सहा महिन्यांनंतर ही लाख नीट वाळत नाही, चिकट राहते. शंका आली तर काचेवर एक थेंब टाका. तासाभराने नखाने दाबल्यावर ठसा उमटला तर ओतून द्या.
सुती कपड्यात कापसाचा गोळा बांधून बोळा करायचा. बोळा आधी लाखेत, मग तळहातावर टिपून घ्यायचा. फिनिशवर तो विमान धावपट्टीवर उतरावं तसा सरकत टेकवायचा आणि तसाच सरकत उचलायचा. थांबलात की बोळा चिकटतो आणि खालची लाख उपटून घेतो. बोळा ओढायला लागला तर बोटाच्या टोकाने खोबरेल नव्हे, जवसाचं तेल एक टिपका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र चुरगाळून टाकू नका. त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा, मग फेका.

खानापुरी_रंधा
जवारी, तुमची चपडा इथे दुसऱ्या कामाला येईल. धागाकर्त्याची गिटार पिवळसर आहे. स्वच्छ लॅकर भरलं तर टवक्याची जागा फिकट दिसेल. उघड्या लाकडावर आधी नितळ चपडा लाखेचा एक पातळ हात दिला की तीच मधासारखी झाक येते. दोन हातांनी जास्त गडद होते, म्हणून एक देऊन थांबा, वाळू द्या, थिनर न लावता थोडं लायटरचं फ्लुइड पुसून रंग बघा. ओल्या अवस्थेतला रंग तोच लॅकरखालचा रंग. मेण मात्र खरंच नितळून घ्या. मेणावर एनसी नीट धरत नाही.

उद्यमबाग_स्प्रे
आता घाईबद्दल. गणपतीच्या आधी म्हणजे आषाढ-श्रावणात काम, आणि बेळगाव-खानापुरात तेव्हा हवेला ओल किती असते हे सांगायला नको. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो. हवेत ओल असली की थंड पृष्ठभागावर पाणी धरतं आणि लॅकरमध्ये अडकतं. मग दूध सांडल्यासारखी पांढरी झाक येते. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रे हातात घेऊ नका. थेंब भरण्यालाही त्रास होतो, थोडा कमी.
पांढरं झालंच तर घासू नका. त्यावर रिटार्डर थिनरचा अगदी हलका हात द्या. तो हळू उडतो, लॅकर पुन्हा मोकळं होतं, अडकलेलं पाणी निघून जातं. बहुतेक वेळा झाक जाते.
आणि बंद खोलीत गॅसची शेगडी, उदबत्ती, देवापुढची समई काही नको. एनसी आणि थिनर दोन्ही भयंकर ज्वालाग्राही. खिडकी उघडी, साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला लागतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा स्प्रे घरी मारूच नये.

घटप्रभा_काठ
मॅट फिनिशवरच्या चकाकणाऱ्या डागाला काय करायचं? हात घासून घासून चमकलंय.

कॅम्पातली_गिटार
कंपाउंड अजिबात नको, आणखी चमकेल. राखाडी रंगाचा बारीक घासपॅड लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. ०००० स्टील वूलही चालतं, पण इलेक्ट्रिक गिटार असेल तर पिकअप (तारांखालचे आवाज टिपणारे चुंबक) आधी टेपने झाका. लोखंडाची पूड चुंबकाला चिकटली की निघता निघत नाही.

निपाणीकर
ओरखड्यांना टूथपेस्ट चालते म्हणतात?

कॅम्पातली_गिटार
चालते कधीकधी, पण कण किती जाड ते कळत नाही, आणि वाळलेली पेस्ट ब्रिजच्या सांध्यात पांढरी बसते. बारीक कंपाउंड घ्या, डब्यावर ‘सिलिकॉन नाही’ असं लिहिलेलं. सिलिकॉन असलेलं पॉलिश लाकडाच्या छिद्रात गेलं की पुढे कधी लॅकर घालायची वेळ आली तर ते तिथून सरकतं आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.
नखाला न लागणारे ओरखडे असे: आधी फ्लुइडने घाम-तेल पुसा. मऊ सुती कपड्यावर वाटाण्याएवढं कंपाउंड, तळहाताएवढ्याच जागेत, दोन-तीन मिनिटं. कपड्याची बाजू बदला, बारीक पॉलिश. इतक्याने गेलं तर पेपर लावूच नका. एनसीचा सगळा थर मिळून ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. पेपरच्या दोन-चार फेऱ्यांत त्यातला दखल घेण्याजोगा भाग जातो. नाहीच गेलं तर २००० चा पेपर खोडरबराला गुंडाळून, ओला करून. बोटाने थेट दाबू नका, बोटांखाली नाल्या पडतात. पाण्यात साबणाचा एक थेंब. स्क्रूच्या किंवा ब्रिजपिनच्या भोकांजवळ पाणी नको, लाकूड फुगतं आणि भोकाभोवती फिनिश तडकतं. तिथे फ्लुइड वापरा.

सहा_तारा
मंडळी, भरभरून माहिती दिलीत. बटणाखाली चाचणी घेतली. स्पिरिटने काही नाही. एनसी थिनरने आठ-दहा सेकंदांत चिकट, इअरबडचा कापूस अडकला. पण अजून अर्धा मिनिट घासल्यावर खाली कडक, काचेसारखा थर लागला, तो विरघळेना. हे काय?

खानापुरी_रंधा
म्हणजे वर एनसी आणि खाली पॉलिस्टरचा बेस. कारखान्यात असं करतात. छिद्रं भरायला पॉलिस्टर एका हातात काम करतं, वर एनसीचे पातळ हात. तुमच्यासाठी अर्थ एवढाच की वरचा विरघळणारा थर आणखी पातळ आहे. ओरखड्यांना फक्त कंपाउंड, पेपर नको. पेपर एनसी ओलांडून खाली पोचला तर दोन थरांच्या सीमेवर नकाशातल्या रेषेसारखं वेडंवाकडं कडं उमटतं आणि ते पॉलिशने जात नाही.
टवक्याला नितळ लाख, पातळ लॅकर, मग थेंब. पोच्याला नुसते थेंब.

उद्यमबाग_स्प्रे
गणपतीआधी ओरखडे काढून घ्या, ते काम पावसात चालतं, त्यात काही वाळायचं नसतं. टवक्यावर तोवर लाखेचा एक हात देऊन ठेवा, उघड्या लाकडात घाम-मळ शिरायला नको. लॅकरचे थेंब दसऱ्यानंतर. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दुपारी अकरा ते तीन, हवा कोरडी. दिवाळीत दोन आठवडे वाळू द्या.

सहा_तारा
असंच करतो. अजून एक, पाठीवर दोन गोल मंद ठसे आहेत, स्टँडच्या पट्ट्यांच्या जागी. ते कंपाउंडने जातील?

कॅम्पातली_गिटार
स्टँडचं रबर! रबर आणि फोममधली मऊ ठेवणारी द्रव्यं एनसीत शिरतात, लॅकर तिथे मऊ आणि मंद होतं. नख हलकेच टेकवून बघा. ठसा उमटत नसेल तर फक्त वरचा थर मंद झालाय, कंपाउंडने जाईल. उमटत असेल तर सध्या हात लावू नका, गिटार त्या स्टँडवरून काढा आणि एक-दोन महिने मोकळ्या हवेत ठेवा, बरंच परत घट्ट होतं. मग बघू. स्टँडच्या पट्ट्यांना जुन्या सुती बनियनचं कापड गुंडाळून शिवून टाका, आणि कॅपो (तारा दाबून धरायचा चिमटा) गिटारच्या डोक्यावर लावून ठेवत असाल तर तोही काढा, त्याचंही रबरच.